ओढ्याला भिंत बांधण्याआधी रुंदी मागा

प्रश्न असा आला आहे: "आमची सोसायटी दक्षिण पुण्यात ओढ्याला लागून आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी होतं. आता ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत, तळाला काँक्रीट आणि वर चालण्यासाठी मार्ग अशी योजना पुढे आली आहे. काही सभासदांना भिंत ताबडतोब हवी आहे, काहींना काठावरची झाडं आणि पक्षी वाचवायचे आहेत. दोन्ही साधेल का? नियोजन नेमकं कुठून सुरू करायचं?"

दोन्ही साधतं, आणि एकाच गोष्टीने साधतं: ओढ्याला रुंदी देऊन. पुराचं पाणी मावायला जी जागा लागते, तीच जागा झाडांना, माशांना आणि पक्ष्यांना लागते. ती मिळाली तर पुढचं तंत्र अवघड नाही. ती मिळाली नाही तर काँक्रीट कितीही जाड घाला आणि झाडं कितीही लावा, मोठ्या पावसात पाणी तुमच्या पार्किंगमध्येच येणार. तेव्हा भिंत हवी म्हणणाऱ्यांनी आणि झाडं हवीत म्हणणाऱ्यांनी एकत्र बसावं आणि पहिली मागणी रुंदीची करावी. शहरी ओढ्यांच्या पाण्याचा हिशेब हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. ज्या बैठकीत रुंदीचा विषय सुरुवातीलाच निघत नाही, तिथे शेवटी भिंतच मंजूर होते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आधी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र नीट समजून घ्या. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, कात्रजच्या तलावांतून खाली येतो आणि पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. त्या रात्री काही तासांच्या पावसात हा ओढा वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत माणसं दगावली ती भिंत अंगावर कोसळून. तुमच्या सभासदांनी हा तपशील विसरू नये. सोसायटीची साधी सीमाभिंत चोर आणि भटकी जनावरं अडवायला बांधलेली असते, पाणी अडवायला नाही. तिच्यामागे दोन मीटर पाणी तुंबलं की प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे दोन टनांचा रेटा येतो. तीन मीटर तुंबलं तर साडेचार टन. भिंत तग धरते तोवर पाणी साठत राहतं, आणि कोसळली की साठलेलं सगळं पाणी एकदम खालच्या घरांवर जातं. खालच्या भिंतीचंही मग तेच होतं. ओढ्याकाठी ओळीने उभ्या असलेल्या भिंती म्हणजे कुणीही गणित न करता बांधलेल्या धरणांची रांग असते.

आणखी एक लक्षात घ्या. तो पाऊस सप्टेंबरच्या शेवटी आला. जमीन पाण्याने भरलेली होती, तलाव काठोकाठ होते. जूनमध्ये जो पाऊस जमिनीत मुरला असता, तो सप्टेंबरात जवळजवळ सगळा वाहून आला. त्यामुळे कुठल्याही आराखड्याची परीक्षा घ्यायची तर ती भरलेल्या तलावांवर आणि ओल्या जमिनीवर घ्यावी.

आता थोडं गणित. ते तुम्हाला स्वतः करता आलं पाहिजे, नाहीतर सल्लागार जे सांगेल त्यावर मान डोलवावी लागते. समजा तुमच्या सोसायटीपर्यंतचं पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर, म्हणजे १,००० हेक्टर आहे. तासाला ५० मिलीमीटर या गतीने पाऊस पडतो आहे. वर टेकडी आणि खाली शेतं होती तेव्हा या पावसाचा साधारण ४० टक्के वाटा लगेच वाहून येत होता असं धरू. मिलीमीटर गुणिले हेक्टर गुणिले हा वाटा, भागिले ३६० केलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी येतं ते कळतं. उत्तर येतं ५५ घनमीटर, म्हणजे पुणेकरांच्या सवयीच्या मापात सुमारे २,००० क्युसेक. आता त्याच पाणलोटात इमारती, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले आणि वाटा ८० टक्क्यांवर गेला. पाऊस तोच, पण ओढ्यात १११ घनमीटर, जवळजवळ ४,००० क्युसेक. ही पद्धत एवढ्या मोठ्या पाणलोटाला ढोबळच लागू पडते. अंतिम आराखड्याला मिनिटागणिक पाणी कसं चढतं आणि उतरतं हे दाखवणारं प्रारूप हवं. पण योजना खरी आहे की कागदी, हे ओळखायला एवढा हिशेब पुरतो.

म्हणून पहिला प्रश्न विचारा: किती पाऊस धरला आहे आणि त्यातला किती वाहून येईल असं मानलं आहे? मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारं तासाला २५ मिलीमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहून येणार, या गृहीतकावर बांधलेली होती. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलीमीटर आणि सगळंच पाणी वाहून येणार, असं धरायला सांगितलं. कागदावर दोन आकडे बदलले, पण गटाराला लागणारी वहनक्षमता चौपट झाली. त्यानंतर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी शहरात पसरली. कुठलंही पात्र अशा पावसाला पुरं पडेल असं बांधता येत नाही. त्यामुळे आराखड्यात दोन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या हव्यात: किती पाण्यापर्यंत ओढा काठात राहील, आणि त्याहून जास्त आलं तर ते नेमकं कुठे पसरू द्यायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आराखड्यात नसेल तर ते उत्तर तुमचं पार्किंग असतं.

काँक्रीटच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो खोटा नाही. गुळगुळीत पात्रातून पाणी लवकर जातं. ८ मीटर रुंद, २.५ मीटर खोल, दोनशे मीटरला एक मीटर उतार असलेलं काँक्रीटचं पात्र घ्या. पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने त्यातून सेकंदाला सुमारे १२५ घनमीटर पाणी जातं. दगडगोटे आणि झुडपं असलेल्या नैसर्गिक पात्रातून, तेवढ्याच खोलीने तेवढंच पाणी न्यायचं तर साधारण १८ मीटर रुंदी लागते. आठ विरुद्ध अठरा: तुमच्या दोन गटांमधला सगळा वाद या दहा मीटरांचा आहे.

पण काँक्रीटच्या पात्रात पाण्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या पुढे जातो, नैसर्गिक पात्रात तीन मीटरच्या आत राहतो. सहा मीटरच्या वेगात पडलेलं माणूस बाहेर येत नाही. वळणावर असं पाणी बाहेरच्या भिंतीवर चढतं, त्यामुळे आराखड्यातली क्षमता प्रत्यक्षात मिळत नाही. आणि हे पाणी जिथे पोचतं तिथे आधीपेक्षा लवकर आणि एकदम पोचतं. तुमच्या तुकड्याचं काँक्रिटीकरण म्हणजे खालच्या वस्तीचा वाढलेला पूर. वरच्या सोसायटीनेही तेच केलं की तो तुमचा वाढलेला पूर. एकेका तुकड्याला एकेक निविदा काढून होणारं काम मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. त्यात प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि ओढा कुणीच तपासत नाही.

रुंदीनंतर मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या बांधीव वाटा. उगमापासून संगमापर्यंत चालत जा आणि प्रत्येक पुलाचं आणि मोरीचं तोंड मोजून लिहून ठेवा. हे काम शाळकरी मुलांनाही करता येतं आणि महागड्या सर्वेक्षणापेक्षा जास्त शिकवतं. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच मोरीतून, सेकंदाला तीन मीटर वेग धरला तरी, ३० घनमीटर पाणी जातं. येणारं पाणी १११. म्हणजे वर कितीही रुंद पात्र केलं तरी त्या मोरीपाशी तळं होणार. तेही मोरी मोकळी असताना. पुराबरोबर फांद्या, गाद्या, प्लास्टिक, कधी अख्खी हातगाडी येते, आणि पाइपच्या मोऱ्या तर पहिल्या तासातच तुंबतात. शहरातल्या बहुतेक ओढ्यांमध्ये मैलापाण्याच्या वाहिन्या पात्रातूनच नेलेल्या आहेत. त्यांची चेंबर मध्येच उभी असतात आणि कचरा त्यांना अडकतो. माझ्या मते पैसा मर्यादित असेल तर पहिला रुपया अरुंद मोरी काढून तिथे एका गाळ्याचा मोकळा पूल बांधण्यावर खर्च करावा. त्याचं उद्घाटन फारसं होत नाही, पण पाणी उतरतं.

मोरी दुरुस्त करताना संगमाकडून वर यावं, उगमाकडून खाली जाऊ नये. वरची मोरी आधी मोठी केली तर वर पसरणारं पाणी मोकळं होऊन खालच्या अरुंद मोरीवर आदळतं. सोपी गोष्ट आहे, पण निविदा ज्या प्रभागाचा निधी आधी येतो त्या क्रमाने निघतात, त्यामुळे ती हमखास चुकते.

संगमाकडच्या भागाचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे पूर फक्त ओढ्याचा नसतो. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू झाला की मुठेची पातळी चढते आणि ओढ्याच्या तोंडाशी पाणी मागे फुगतं. २५ जुलै २०२४ ला विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदीचं पाणी घुसलं. तुमची सोसायटी संगमापासून जवळ असेल तर सल्लागाराला विचारा की मुठेची कुठली पातळी धरून ओढ्याचा हिशेब केला आहे. नदी रिकामी धरून केलेला हिशेब निरुपयोगी आहे. जलसंपदा विभागाच्या निळ्या रेषेचा अर्थ साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषेचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये अटींसह, असा नियम आहे. या रेषा नदीसाठी आखलेल्या असतात. छोट्या ओढ्यांना बहुतेक ठिकाणी अशा रेषाच नसतात, आणि त्यामुळे विकास आराखड्यावर ओढा एका बारीक निळ्या ओळीएवढा उरतो. तुमच्या ओढ्यासाठी स्वतंत्र पूररेषा आखून मागणं हे भिंतीपेक्षा मोठं संरक्षण आहे.

पाणी वरच अडवता येणार नाही का, असं पुढे विचारलं जाईलच. येतं, पण आकड्यांचं भान ठेवून. वरच्या उदाहरणात शहरीकरणाने ५५ घनमीटर पाणी वाढलं. एक हेक्टरचं, दोन मीटर खोल तळं खोदलं तर त्यात २०,००० घनमीटर पाणी मावतं. ही वाढ पूर्ण जोरात असताना ते तळं सहा मिनिटांत भरेल. एका तळ्याचं भूमिपूजन करून पुराचा प्रश्न सुटल्याचं सांगितलं जातं तेव्हा ही सहा मिनिटं आठवा. याउलट १,००० हेक्टर पाणलोटावर जागोजागी फक्त २५ मिलीमीटर पाऊस थोपवला, तर अडीच लाख घनमीटर पाणी थांबतं, म्हणजे तशा बारा-तेरा तळ्यांएवढं. हे पाणी टेकडीच्या उतारावरच्या समतल चरांत, गच्चीच्या पाण्याच्या टाक्यांत, खोलगट मैदानांत आणि पेव्हर काढून मोकळ्या केलेल्या जमिनीत थांबवायचं असतं.

सोसायटीच्या पातळीवर सांगायचं तर १,००० चौरस मीटर गच्चीवरचा २५ मिलीमीटर पाऊस म्हणजे २५,००० लिटर. तेवढी टाकी बसवणं शक्य आहे. पण पूर कमी करायचा तर ती पाऊस येण्याआधी रिकामी हवी. बागेसाठी भरून ठेवलेली टाकी पुराच्या कामाची नाही. त्यासाठी तळाला एक लहान छिद्र ठेवतात, त्यातून टाकी काही तासांत हळूहळू रिकामी होते. शोषखड्ड्यांवरही फार भिस्त ठेवू नका. पुण्याखाली काळा बसाल्ट आहे, वर माती आणि मुरुमाचा पातळ थर. काही ठिकाणी पाणी छान मुरतं, काही ठिकाणी दोन फुटांवर कातळ लागतो. भूजलाच्या दृष्टीने शोषखड्डे मोलाचे आहेत. तासाला ५० मिलीमीटरच्या पावसात, सप्टेंबरात, पूर थोपवण्याचं काम ते थोडंच करतील.

तलावांचंही तसंच. भरलेला तलाव पूर अडवत नाही, आलेलं पाणी सांडव्यावरून जवळजवळ जसंच्या तसं पुढे देतो. कात्रजचे तलाव असोत की नागपूरचा अंबाझरी, सांडव्यापुढची वाट मोकळी असणं आणि मोठ्या पावसाचा इशारा आला की आधीच पातळी उतरवण्याची सोय असणं, हे दोन मुद्दे निर्णायक असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा सांडव्यासमोरच्या बांधकामांवर बरीच चर्चा झाली. तलावातला गाळ काढणं चांगलं, पण गाळ काढून तयार झालेली जागा बोटिंगसाठी पाण्याने भरून ठेवली तर पुराच्या हिशेबात ती शून्य धरावी. टेकड्यांचं महत्त्वही इथेच आहे. पुण्यात समाविष्ट २३ गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. त्यावर बांधकामाला किती मुभा द्यायची हा वाद अधूनमधून वर येतो. तो वाद तुमच्या पार्किंगमधल्या पाण्याचाही आहे, म्हणून सोसायटीने त्यात आपलं म्हणणं मांडावं.

आता त्या दहा मीटरांकडे येऊ. ते कुठून आणायचे? सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानाचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण तिथे पाऊस आपल्याइतकाच झोडपणारा आहे आणि जमीन आपल्याहून महाग. तिथली कल्लांग नदी सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती, शेजारी कुंपणाआड उद्यान होतं. कालवा जलखात्याचा, उद्यान उद्यान खात्याचा. २००९ ते २०१२ या काळात दोन्ही खात्यांनी हद्द बाजूला ठेवून एकच आराखडा केला. २.७ किलोमीटरच्या सरळ कालव्याच्या जागी ३.२ किलोमीटरची वळणदार नदी उद्यानातून वाहू लागली. कोरड्या दिवशी काठावर लोक बसतात, मुलं पाण्यात उतरतात. पाऊस आला की नदी उद्यानाच्या हिरवळीवर पसरते आणि सुमारे शंभर मीटर रुंद होते. पाणी चढू लागलं की धोक्याचा इशारा देण्याची यंत्रणा आहे. काठ कशाने टिकेल हेही त्यांनी आधी उद्यानातल्याच एका छोट्या नाल्याच्या साठ मीटर तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती वापरून तपासलं, मग नदीला हात घातला.

आपल्याकडे ओढ्याला लागून असलेली महापालिकेची उद्यानं, शाळांची मैदानं, आरक्षित मोकळ्या जागा नकाशावर रंगवून पाहा. बरीच जागा सार्वजनिक मालकीची निघते, फक्त मध्ये भिंत असते आणि मैदान भराव घालून उंच केलेलं असतं. भिंत काढून मैदान दीड-दोन मीटर खाली घेतलं की वर्षातले बहुतेक दिवस ते मैदानच राहतं आणि मोजके तास तळं होतं. ओढ्याची रुंदी सगळीकडे सारखी असायला हवी असं नाही. जिथे दोन्ही बाजूंना जुन्या इमारती टेकल्या आहेत तिथे भिंत लागेलच, आणि ती पाण्याचा रेटा धरून नीट बांधावी. पण ती शेवटच्या पर्यायाची जागा असावी. आपण मात्र आराखड्याची सुरुवातच तिने करतो.

काही ठिकाणी रुंदीच्या आड घरं येतात. बहुतेकदा ती सगळ्यात गरीब माणसांची असतात. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वसाहतीत पावसाळ्याच्या तोंडावर घरं पाडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर आले आणि कारवाईला न्यायालयाची स्थगिती मिळाली. ओढ्याला जागा देणं याचा अर्थ असा होता कामा नये. आधी जवळच, कामधंदा आणि शाळा न तुटेल अशा अंतरावर पक्कं घर, मग जागा मोकळी, हा क्रम आराखड्यातच आणि खर्चाच्या तक्त्यातच लिहिलेला असावा. ज्या बिल्डरने ओढ्यात भराव टाकून हद्द पुढे सरकवली त्याची मोजणीही त्याच कडकपणे व्हायला हवी. जुने सर्व्हे नकाशे आणि गाव नकाशे काढले की ओढा पूर्वी किती रुंद होता ते दिसतं.

अधिवासाकडे वळतो. इथे पहिलं काम मैलापाणी बाहेर काढण्याचं. त्याआधी केलेली सगळी लागवड सांडपाण्याच्या काठावरची बाग ठरते. मुठेत शेकाट्यांचे मोठे थवे दिसले की लोक खुश होतात. लांब गुलाबी पायांचा हा पक्षी सुंदर आहेच, पण घाणेरड्या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांवर तो मजेत जगतो. त्याची गर्दी नदी बरी असल्याची खूण नाही. मी पाहतो ते धोबी, तुतवार, छोटा खंड्या हे पक्षी आणि पाण्यालगतचे चतुर आणि टाचण्या हे कीटक. छोटा खंड्या मासे असल्याशिवाय टिकत नाही, आणि चतुरांच्या अळ्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे त्यांच्या जाती वाढू लागल्या की पाणी सुधारतंय असं समजावं.

मैलापाणी काढलं की एक अडचण उभी राहते आणि तिची तयारी आधीच ठेवावी. आपले बहुतेक ओढे मुळात बारमाही नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीनंतर त्यात जे वाहतं ते घराघरांतलं पाणी असतं. ते थांबलं की मार्चमध्ये पात्र कोरडं पडेल आणि लोक विचारतील, ओढा कुठे गेला? उत्तर म्हणून कुणीतरी बंधारा घालून पाणी साठवायचं सुचवेल. तो बंधारा पुढच्या पावसात अडथळा होतो आणि उन्हाळ्यात डासांचं माहेरघर. सोलमधला चोंगेचोन ओढा २००३ ते २००५ मध्ये उड्डाणपूल पाडून ५.८ किलोमीटर मोकळा केला. ते मोठं धाडस होतं. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून रोज पंपाने आणावं लागतं, आणि तो खर्च कायमचा आहे. आपण तसं करू नये. त्याऐवजी पात्रात खोल डोह राखावेत, त्यांवर झाडांची सावली असावी, आणि जिवंत झरे शोधून वाचवावेत. रामनदीच्या खोऱ्यात बावधनला आजही झरा वाहतो. बसाल्टच्या थरांमधून येणारे असे झरे इमारतींची खोल तळघरं खोदताना आणि त्यातलं पाणी महिनोन्महिने उपसताना मरतात. ओढ्यालगत किती खोल तळघराला परवानगी द्यायची हा प्रश्न म्हणूनच ओढ्याच्या आराखड्यात यायला हवा. नीट प्रक्रिया केलेलं पाणी थोडं थोडं पात्रात सोडणं चालेल, पण ते खरोखर प्रक्रिया केलेलं असल्याची नियमित तपासणी रहिवाशांना पाहता यायला हवी.

पात्र दोन टप्प्यांचं करा. मध्ये अरुंद, खोलगट वाट, जिच्यात उन्हाळ्यातलं थोडकं पाणी एकत्र राहील. दोन्ही बाजूंना त्याहून उंच सपाट ओटे, जे वर्षातून थोड्या वेळा पाण्याखाली जातील. त्यामागे हळूहळू चढणारा काठ. तळाला काँक्रीट नको, दगडगोटे आणि वाळू हवी. पाहिजे तिथे काठाला जाळीतले दगड घाला, पण त्यांच्यामध्ये मुळं शिरतील अशी माती भरा. मोरीखाली आणि पुलाखालीही मूळ तळ सलग राहू द्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात. मोरीच्या तोंडाशी हातभर उंचीची काँक्रीटची पायरी असली की चढण तिथेच संपते. मोरीचा तळ पात्रापेक्षा फूटभर खाली घेऊन त्यात गोटे भरले की हा अडथळा जातो, आणि खर्चात विशेष फरक पडत नाही.

झाडं पाण्याच्या आड येत नाहीत का, हा इंजिनिअर मंडळींचा रास्त प्रश्न आहे. येतात, चुकीच्या जागी लावली तर. मधल्या वाटेत आणि तिच्या कडेला वाकणारी झुडपं आणि गवतं हवीत: लव्हाळा, वाळा, शेरणी. शेरणीचं झुडूप पुरात आडवं होतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभं राहतं, मुळं कातळाच्या फटीत घट्ट. ओट्यांवर निर्गुंडी आणि मोजकी वाळुंज. मोठी झाडं काठाच्या वरच्या बाजूला: करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. उंबराला फळं लागली की पक्षी आणि वटवाघळं आपोआप येतात. लागवडीमुळे पाण्याला होणारा अडथळा वहनक्षमतेच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरायचा, आणि तोही झाडं पूर्ण वाढल्यानंतरचा. सुबाभूळ काढावी लागेल. पाणी साचलेलं आणि मैलायुक्त राहिलं तर जलपर्णी येतेच, ती दरवर्षी यंत्राने काढत बसण्यापेक्षा मैला थांबवावा.

देखभालीशिवाय यातलं काही टिकत नाही. मेमध्ये नालेसफाईच्या नावाखाली पोकलेन पात्रात उतरतो आणि गाळाबरोबर झुडपं, गोटे, डोह सगळं सपाट करून जातो. काढलेला गाळ काठावरच टाकला जातो आणि जूनमध्ये परत आत येतो. जिवंत ओढ्याची सफाई वेगळी असते. राडारोडा, प्लास्टिक आणि मोऱ्यांच्या तोंडाशी साचलेला गाळ पूर्ण काढायचा, मधल्या वाटेतली वाढ एका वर्षी एका काठाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या काठाने छाटायची, डोहांना हात लावायचा नाही. हे निविदेच्या अटींत लिहिलेलं असेल तरच होतं. बांधकामाच्या कंत्राटालाच निदान पाच पावसाळ्यांची देखभाल जोडलेली असावी.

इशाऱ्याचं कामही आराखड्यातच घ्या. सहा किलोमीटर लांबीच्या, दोनशे मीटर उतरणाऱ्या ओढ्यात उगमाचं पाणी साधारण तासाभरात खाली पोचतं. एवढ्या वेळात कार्यालयातून आदेश निघत नाहीत. वरच्या तलावाच्या सांडव्यावर आणि मधल्या एखाद्या पुलावर पातळी मोजणारं यंत्र, त्याला जोडलेला भोंगा, आणि प्रत्येक पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी. रहिवाशांनी दर पावसात पट्टीवरची पातळी आणि वेळ लिहून ठेवली तर काही वर्षांत तुमच्याकडे कुठल्याही सल्लागाराकडे नसलेली माहिती जमा होईल.

हरकती आणि सूचना देताना पाच कागद लेखी मागा: धरलेला पाऊस आणि वाहून येणारा वाटा, उगमापासून संगमापर्यंत पात्राचा उभा छेद, सगळ्या मोऱ्यांची तोंडं मोजलेली यादी, काम झाल्यावर खालच्या वस्तीत पातळी किती बदलेल त्याचा तक्ता, आणि मैलावाहिन्या पात्राबाहेर नेण्याचा नकाशा. चौथा कागद मिळाला नाही तर बाकीच्या चारांवर सही करू नका. तोवर, पुढच्या जूनच्या आत, सोसायटीने स्वतःच्या हद्दीत तीन कामं उरकावीत. ओढ्याकडची भरीव सीमाभिंत स्थापत्य अभियंत्याला दाखवून काढावी आणि तिथे पाणी आरपार जाईल अशी जाळी बसवावी. विजेचे मीटर आणि पाण्याच्या मोटारी २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या किमान अर्धा मीटर वर न्याव्यात. आणि तळमजल्यावर कोण झोपतं, रखवालदाराचं कुटुंब कुठे राहतं, याची यादी करून रात्री भोंगा वाजल्यावर त्यांना उठवून वर आणण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी.